औषध विकू नका, ओळख द्या

पर्यटन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर येतं, माथेरान येतं, कोकणातला समुद्र येतो. शिरूर आणि दौंड ही नावं त्या यादीत सहसा कुणी घेत नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे हे दोन तालुके. सह्याद्री ओलांडून इथवर येईतो पाऊस थकून जातो. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी शेतकरी समाधान मानतो. इथे धबधबा नाही, धुकं नाही, दरी नाही.

तरीही माणसं इथून जातच असतात. अष्टविनायकाची यात्रा करणारा प्रत्येक जण रांजणगावच्या महागणपतीपुढे हात जोडतो आणि दौंडकडून भीमा ओलांडून सिद्धटेकला जातो. पाबळला मस्तानीची कबर आहे, वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे, केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. पण हे सगळे पाहुणे तासाभराचे. गाडी थांबते, दर्शन होतं, चहा होतो, गाडी निघते. गावाच्या हाती राहते ती धूळ आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या.

या तासाभराच्या पाहुण्याला एक रात्र मुक्कामी ठेवता येईल का? मोराची चिंचोली या शिरूर तालुक्यातल्या गावाने त्याचं उत्तर दिलं आहे. मोर बघायला आलेला शहरी माणूस तिथे शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खातो, चिंचेच्या सावलीत पडतो आणि पुढच्या वेळी चार मित्रांना घेऊन येतो. राज्य सरकारनेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे वाट अगदीच अनोळखी राहिलेली नाही.

आता बचत गटांच्या बैठकीत, ग्रामसभेत आणखी एक कल्पना ऐकू येते. आपल्याकडे आजीबाईचा बटवा आहे, बांधावर झाडपाला आहे. मग त्याची तेलं, चूर्णं, काढे करून पाहुण्यांना का विकू नयेत? कल्पना चांगली आहे. पण तिच्यात एक धोक्याचं वळण आहे. ते कुठे आहे आणि ते टाळून पुढे कसं जायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी बांधावर काय आहे ते पाहू. बाहेरच्या माणसाला आमची माळरानं उजाड दिसतात. ती तशी नाहीत. श्रावणात शिरूरहून मलठणच्या बाजूला किंवा पाटसहून कुरकुंभकडे जाताना रस्त्याच्या कडेला पिवळ्याधमक फुलांची झुडपं दिसतील. तो तरवड. त्याची साल पूर्वी कातडी कमावायला लागायची. पायात मोडणारा सराटा, ज्याला वैद्य गोखरू म्हणतात, तो इथला. आघाडा, निर्गुडी, कोरफड, पुनर्नवा, रुई इथलेच. लिंबावर चढलेली गुळवेल इथली. कुंपणाला लावलेला अडुळसा तर घरातल्यासारखा. अडुळशाचं पान तव्यावर गरम करून, रस काढून, मधातून देणाऱ्या आजीला ठाऊक नव्हतं की याच पानातल्या वासिसीन नावाच्या द्रव्यावरून पुढे संशोधकांनी ब्रोमहेक्झिन तयार केलं आणि ते आज खोकल्याच्या कितीतरी औषधांत असतं.

आणि दगडी पाला! गुडघा फुटला की पोरं पळत जाऊन हा पाला हातावर चोळायची आणि रस जखमेवर पिळायची. आपल्याला तो अगदी पूर्वापार वाटतो. प्रत्यक्षात ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. कुठून कशी आली, आमच्या माळावर रुजली आणि आमच्याच पोरांच्या कामी आली. ज्ञानाचंही असंच असतं. ते कुठून आलं यापेक्षा कुठे रुजलं, हे महत्त्वाचं.

वैद्यकी हा माझा प्रांत नाही. मी कवितेचा माणूस, बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. पण आमच्या घराण्याचा धंदा अत्ताराचा. अत्तार म्हणजे नुसतं सुगंधी अत्तर विकणारा नव्हे. अरबी भाषेत अत्तार म्हणजे सुगंधी द्रव्यं आणि औषधी द्रव्यं दोन्ही विकणारा. फारसीतले थोर सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार यांनाही त्यांच्या याच व्यवसायावरून हे नाव पडलं. आमच्याकडच्या बाजारात अत्ताराच्या दुकानी कुंकू मिळायचं, उदबत्ती मिळायची, बाळंतिणीसाठी डिंक आणि सुंठ मिळायची, हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, वावडिंग मिळायचं. कुंकवाची पुडी बांधणारा हात आणि जोशांद्याची पुडी बांधणारा हात एकच असायचा.

त्या दुकानातल्या शब्दांनी मला भाषेचा पहिला धडा दिला. गुलकंद म्हणजे गुल आणि कंद, गुलाब आणि साखर, दोन्ही फारसी. आपण ज्याला जुलाब म्हणतो तो मूळचा 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी. फारसीतून अरबीत जाताना 'ग'चा 'ज' झाला आणि गुलाबपाण्याच्या सरबतातून रेचक देता देता शब्दाचा अर्थही बदलला. मलम हा अरबी 'मरहम'. इसबगोल हा फारसी 'अस्प-गोल', म्हणजे घोड्याचा कान. त्या बियांचा आकार तसा. आणि संस्कृतातली अश्वगंधा म्हणजे जिच्या ओल्या मुळीला घोड्याचा वास येतो ती. शिरूरचं जुनं, लोकांच्या तोंडातलं नाव घोडनदी. घोडनदीच्या काठावर एका फळीवर घोड्याचा कान आणि घोड्याचा वास शेजारी शेजारी बसलेले होते. वैद्याची चिठ्ठी आली काय आणि हकिमाची आली काय, पुड्या त्याच बरण्यांतून निघत. आपलं औषधाचं ज्ञान असं एकमेकांच्या उष्ट्या-खरकट्यातून, देवघेवीतून तयार झालेलं आहे.

पण आमच्या आजोबांचा एक कडक नियम होता. स्वयंपाकघरात वापरायची वस्तू ते कुणालाही देत. रोगावरचं औषध मात्र वैद्याच्या किंवा हकिमाच्या चिठ्ठीशिवाय देत नसत. गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी म्हणत, "मी पुडी बांधणारा आहे, नाडी बघणारा नाही." आज जडीबुटीच्या पर्यटनाचा विचार करताना हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

गाव आणि आरोग्य यांची सांगड घालून पाहुण्यांना मुक्कामी ठेवण्याचा प्रयोग आपल्या दाराशी ऐंशी वर्षांपूर्वी झाला आहे. दौंड तालुक्याची हद्द जिथे संपते तिथून जवळच, पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन आहे. हवेली तालुक्यातलं गाव. १९४६च्या मार्च महिन्यात महात्मा गांधी तिथे आले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राशी त्यांचा संबंध होता. गरिबांसाठी निसर्गोपचाराचं मोठं केंद्र शहरात काढावं असा आधी विचार होता. पण गरीब माणूस शहरात उपचाराला येऊन राहू शकत नाही, तेव्हा आपणच खेड्यात जायला हवं, हे गांधीजींच्या लक्षात आलं. आठवडाभर ते उरुळीला राहिले, स्वतः रोगी तपासले. जाताना काम मणिभाई देसाई या गुजरातेतून आलेल्या तरुण कार्यकर्त्यावर सोपवलं.

मणिभाईंनी शब्द पाळला. १९९३ मध्ये निधन होईपर्यंत ते उरुळीचेच राहिले. निसर्गोपचार आश्रम उभा राहिला, शेती सुधारली, गोशाळा झाली, आणि त्याच भूमीतून १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था निघाली. १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजही देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं उरुळीच्या आश्रमात राहायला येतात.

ती कशासाठी येतात, हे आपण नीट बघायला हवं. तिथे बाटलीतलं औषध मिळत नाही. मातीची पट्टी, कटिस्नान, वाफ, लंघन, मोजका आहार, योगासनं, चालणं, वेळेवर झोप. म्हणजे माणूस तिथे वस्तू विकत घ्यायला जात नाही, दिवस घालवायला जातो. आणि दिवस घालवला की खोली लागते, दूध लागतं, भाजी लागते, झाडायला-पुसायला माणूस लागतो. गावाला रोजगार मिळतो तो या मुक्कामातून.

दुसरं उदाहरण दूरचं, केरळचं. तिथल्या कोट्टक्कल गावी पी. एस. वारियर यांनी १९०२ मध्ये आर्य वैद्यशाला काढली आणि ते गाव आयुर्वेदाच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. पुढे केरळात आयुर्वेदाचं पर्यटन वाढलं तेव्हा तिथल्या पर्यटन खात्याने उपचार केंद्रांची तपासणी करून त्यांना प्रतवारी देण्याची पद्धत घातली. कारण उघड आहे. एका भोंदू केंद्राने एका पाहुण्याला फसवलं, तर बदनामी सगळ्या राज्याची होते. उरुळीने मुक्काम शिकवला, केरळने तपासणी शिकवली. आपल्याला दोन्ही हवेत.

आता त्या धोक्याच्या वळणाकडे येतो. यात्रेच्या गावी रस्त्याच्या कडेला तुम्ही पाहिलं असेल: ताडपत्री अंथरलेली, त्यावर मुळ्या, साली, बिब्बे, आणि लेबल नसलेल्या बाटल्या. "साखर मुळासकट जाईल, गुडघे महिन्यात बरे होतील." पाहुणा बाटली घेऊन घरी जातो. त्यात काय आहे, हे त्याला माहीत नसतं आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही नसतं. त्या भरवशावर एखाद्याने मधुमेहाची रोजची गोळी बंद केली तर काय होईल? त्याचं बरंवाईट झालं तर गावाच्या नावाला लागलेला डाग कोणता मेळावा धुऊन काढणार?

'झाडपाला आहे, अपाय कसला?' असं आपण सहज म्हणतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. बिब्ब्याने कातडी भाजते. धोतऱ्याबद्दल तर सांगायलाच नको. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने म्हटलं की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, हे आधी पाहायला हवं. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जाती अपायकारक असू शकतात. वाद कुणाच्या बाजूने सुटतो ते तज्ज्ञ बघतील. आपल्यापुरतं तात्पर्य असं की दोन्ही पक्षांच्या मध्ये उभा असलेला प्रश्न ओळखीचाच आहे. ही वेल नेमकी कोणती? ज्याला हे सांगता येतं त्याच्यापाशी ज्ञान आहे. ज्याला सांगता येत नाही त्याच्यापाशी नुसती बाटली आहे.

कायदाही हेच सांगतो. आयुर्वेदिक किंवा युनानी औषध विक्रीसाठी तयार करायचं तर १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. नोंदणीकृत वैद्य किंवा हकीम स्वतःच्या रोग्यापुरतं औषध करतो त्याला सूट आहे, बचत गटाला नाही. अंगाला लावायच्या साबणाला आणि लेपालासुद्धा सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, मुतखडा, संधिवात अशा रोगांवर हमखास इलाज म्हणून जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने मनाई आहे. आणि नोंदणी नसताना महाराष्ट्रात वैद्यकी करणं हा १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्या ताई-मावश्यांनी कर्ज काढून बाटल्या भरायच्या आणि पुढे एक दिवस नोटीस यायची, असं होऊ नये म्हणून हे आधीच सांगतो.

शिवाय हिशेबही बघा. समजा, एका गटाने तेलाची बाटली दीडशे रुपयांना विकली. बाटली, झाकण, लेबल, खोकं पुण्याहून आलं. तेल बाजारातून आलं. गावाचा त्यात पाला किती आणि श्रम किती? शिवाय मोठ्या कंपन्यांची तीच बाटली शहरातल्या दुकानात मांडलेली असते. आमच्या दौंड तालुक्यातच कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधी रसायनांचे कारखाने उभे आहेत. औषध बनवण्यात गावाने कारखान्याशी स्पर्धा का करावी? याउलट पाहुणा एक रात्र राहिला तर त्याची भाकरी गावच्या ज्वारीची, दूध गावच्या म्हशीचं, खाट गावच्या सुताराची. आणि त्याला बांध दाखवणारी आजी तर फक्त या गावचीच. तिची नक्कल कोणत्याच कारखान्यात होत नाही.

म्हणून मी म्हणतो, औषध विकू नका, ओळख द्या. पाहुण्याला वनस्पतीची ओळख द्या. ती कशी दिसते, कधी फुलते, तिचा वास कसा, तिच्यासारखी दिसणारी फसवी कोणती, आपल्या पूर्वजांनी ती कशासाठी वापरली, आज वैद्य तिच्याविषयी काय सांगतात. आज शहरातला माणूस अश्वगंधाची गोळी दुकानातून घेतो, पण अश्वगंधाचं झाड त्याने जन्मात पाहिलेलं नसतं. मातीतून निघालेली मुळी नाकाशी धरून 'खरंच घोड्याचा वास येतो की!' असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसेल, त्यासाठी तो पैसे देईल आणि दुवाही देईल.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? शनिवारी दुपारी रांजणगावचं दर्शन घेऊन पाहुणा गावात येतो. संध्याकाळी ओसरीवर गप्पा. रात्रीच्या जेवणात हंगामाप्रमाणे घोळ, तांदुळजा, पाथरी, चंदनबटवा, शेवगा, हादग्याची फुलं. या भाज्या शहरातल्या मंडईत क्वचितच दिसतात आणि त्या अन्न आहेत, औषध नाहीत; त्यामुळे भीतीही नाही. रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी बांधावरून दोन तास फेरी. बरोबर एक जाणती आजी किंवा मेंढपाळ, आणि हातात वही घेतलेला गावातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी. झाडाजवळ पाटी: मराठी नाव, शास्त्रीय नाव, आणि विषारी असेल तर लाल ठिपका. शास्त्रीय नावं तालुक्याच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्यावीत. ज्याला प्रकृतीविषयी विचारायचं असेल त्याच्यासाठी नोंदणीकृत वैद्य महिन्यातून ठरलेल्या दिवशी गावात यावेत. नाडी बघणारा नाडी बघेल, पुडी बांधणारा पुडी बांधेल.

दौंड तालुक्याला तर एक वेगळीच देणगी आहे. तिथे गुऱ्हाळं पुष्कळ, केडगावची गुळाची बाजारपेठ प्रसिद्ध. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवतात. जुन्या गुळाला वैद्य मान देतात. काहिलीत उकळणारा रस, मळी काढणारा गुळव्या, ताटलीतली गरम काकवी, हे बघायला मुलं किती खूश होतील! सुंठ घातलेला गूळ, तीळ घातलेला गूळ, गुलकंद, आवळ्याचा मुरंबा हे खाण्याचे पदार्थ आहेत. अन्नसुरक्षेची नोंदणी करून ते रीतसर विकता येतात. मात्र मग गुऱ्हाळही दाखवण्यासारखं हवं. रंग उजळायला रसायन नको, चुलवाणात प्लास्टिक आणि रबर नको. पाहुण्याचे डोळे हीच तपासणी समजा.

रोपवाटिका हा आणखी एक चांगला उद्योग. पाहुण्याने जाताना बाटली नेण्यापेक्षा अडुळशाचं, गवती चहाचं, शतावरीचं रोप नेलं तर ते त्याच्या गच्चीत वर्षानुवर्षं गावाची आठवण सांगेल. रोपं कशी करायची, पदार्थ कसे टिकवायचे हे शिकायला लांब जायला नको. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, ही तिथली रीत. शेती, यंत्रकाम, घर आणि आरोग्य हे सगळं मुलं तिथे करून शिकतात. औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झालेलं आहे. मदतीचे दरवाजे आहेत, ते ठोठावायला हवेत.

दोन गोष्टी जपून करायच्या. एक, वेळ. शिरूरच्या उसात आता बिबट्या नांदतो. म्हणून फेरी दिवसाउजेडी, घोळक्याने आणि उसाच्या फडापासून दूर. दोन, हंगाम. आषाढापासून माघापर्यंत बांधावर काही ना काही असतं. चैत्र-वैशाखात माळाला विश्रांती द्यावी, आणि गावच्या पाण्यालाही. ज्या गावात टँकर येतो तिथे पाहुण्याच्या आंघोळीला कुणाच्या घागरीतलं पाणी जाऊ नये.

याहून महत्त्वाची गोष्ट मुळांची आहे. पान तोडलं तर झाड पुन्हा फुटतं, पण अश्वगंधा आणि शतावरी यांचं औषध मुळात असतं आणि मुळी काढली की बरेचदा झाडच जातं. २०२०च्या टाळेबंदीत आमच्याकडच्या लिंबांवरच्या गुळवेली लोकांनी ओरबाडून नेलेल्या मी पाहिल्या. तेव्हा नियम साधा ठेवावा: माळावरचं बघायचं, वाफ्यातलं काढायचं. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर भागात शेतकरी अश्वगंधाचं पीक घेतात. कमी पाण्यावर येणारं ते पीक आमच्या हलक्या जमिनीतही घेऊन बघता येईल. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि बांध अरुंद होत गेले. चार पैसे बांधावरूनही मिळतात हे कळलं, तर शेतकरी बांध राखेल.

आणि शेवटी प्रश्न हक्काचा. हे ज्ञान कुणाचं? बांधावरची आजी, बाळंतपणं करणारी सुईण, मेंढरांमागे कोस कोस चालणारा धनगर, आणि 'सुया घे, बिबे घे' म्हणत गावोगाव हिंडलेली वैदू बाई यांचं. वैदूंची जमात पिढ्यान् पिढ्या झोळीत मुळ्या घेऊन फिरली. गावाने त्यांच्याकडून औषध घेतलं, पण त्यांना गावात घर दिलं नाही. आता त्याच ज्ञानावर आपण पाहुणे आणणार असू, तर पाटीवर आणि पैशात दोन्हीकडे त्यांचं नाव हवं. फेरीला नेणाऱ्या वैदूला 'चहापाणी' देऊ नका, ठरलेलं मानधन द्या. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता समिती आणि लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ठेवायला सांगितलं आहे, स्थानिकांना लाभाचा वाटा मिळावा असंही म्हटलं आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत ती वही कुठे आहे, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. कपाटात कोरी पडली असेल तर बाहेर काढा. गावातल्या सगळ्यांत वृद्ध बाईजवळ शाळेतली दोन मुलं बसवा आणि तिच्या तोंडून झाडांची नावं लिहून घ्या.

ही घाई मी करतो आहे त्याचं कारण आहे. झाड गेलं तर बी कुठेतरी उरतं, पण नाव गेलं की त्या झाडाकडे बघणारा डोळाच जातो. मग तरवड, आघाडा, पुनर्नवा सगळे मिळून एक 'गवत' होतात, आणि गवतावर फवारा मारायला कुणाचा हात थांबत नाही. पाहुणे येतील तेव्हा येतील. त्यांना दाखवण्यासाठी म्हणून का होईना, आपल्या मुलांनी आपला बांध आधी स्वतः ओळखला, तर त्या दिवशीच या उद्योगाचा पहिला नफा गावाच्या पदरात पडला असं समजावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)